एक्केचाळीस निरोप

“लातूर, बार्शी बोलतेय. लातूर, झोपलात काय?”

*

घशात ज्या ठिकाणी आवाज तयार होतो तो भाग अक्रोडाएवढा असतो, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं.

*

फ्रिजच्या दारावरचा कागद. अक्षर माझं.
कोड कोणालाही सांगायचा नाही.
लिंक दाबायची नाही.
शंका आली तर आधी तेजलला फोन.

*

भोगीच्या भाजीत वांगं, गाजर, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे. बोरं सगळ्यात शेवटी, नाहीतर विरघळतात.

*

“एकदा काढून परत टाका.” नोकरीवर हे वाक्य मी दिवसातून तीस-चाळीस वेळा म्हणायचे.

*

सोळा एमबी.

*

“तेजू, जरा बघ गं. माझा फोन मलाच ओळखेना झालाय.”

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात बोरांची वाटी, दुसऱ्यात मोबाइल. मोबाइल तिने अंगापासून लांब धरलेला, गरम पातेलं धरावं तसा. भोगीची सकाळ, साडेनऊ वाजलेले. मी आदल्या संध्याकाळी पुण्याहून चार दिवसांच्या रजेवर आले होते.

आत्या म्हणजे कुमुद सुरवसे, माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं काढली, त्यातली पहिली बारा बार्शीच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये, कानावर हेडफोन आणि समोर दोऱ्यांचा बोर्ड. गावातून बाहेरगावी कोणाला फोन लावायचा तर तिच्याकडे मागावा लागे. शाळेची शेवटची चार वर्षं मी तिच्याकडे राहिले. त्यामुळे घर म्हटलं की मला अजून तिचंच आठवतं.

मी मोबाइल घेतला. मेसेजच्या अ‍ॅपमध्ये एकच वाक्य होतं. या क्रमांकाचं खातं दुसऱ्या फोनवर सुरू झालं आहे.

“काय केलंस?”

“मी काय करतेय? हिप्परगे साहेबांनी नंबर मागितला, मी दिला.”

“कसला नंबर?”

“आलेला. सहा आकडी. साहेबांनी लिहिलं, चुकून तुमच्याकडं आलाय, लगेच कळवा.”

“आत्या, फ्रिजवर काय लिहिलंय?”

“कोड कोणालाही सांगायचा नाही.”

“मग?”

ती माझ्याकडे बघत राहिली. खरोखरच तिला प्रश्न कळला नव्हता. “साहेब म्हणजे कोणी का?”

हिप्परगे साहेब तिचे जुने सुपरवायझर. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. त्यांचं खातं आदल्या दिवशीच चोरीला गेलं होतं. चोर त्यांच्या नावाने, त्यांच्या फोटोमागे बसून, यादीतल्या एकेकाला कोड मागत होता. हे आम्हाला दुपारी कळलं.

“टाइप करून पाठवलास?”

“टाइप कशाला? बोलून पाठवला. दोनदा.”

“दोनदा?”

“नंबर दोनदा सांगायचा आणि ‘मिळाला का’ विचारायचं. त्याशिवाय नंबर दिला असं धरत नाहीत.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “तिकडून आलं, ‘हो’. साहेब कधी ‘हो’ म्हणायचे नाहीत. ‘ठीक’ म्हणायचे. तिथंच मला खटकायला पाहिजे होतं.”

मी चिडले. पुण्यात माझं काम हेच होतं. एका कंपनीच्या मदतकक्षात बसून लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचे, कोड कोणाला देऊ नका म्हणून बजावायचं. “अगं, सगळं आयुष्य टेलिफोनमध्ये काढलंस आणि एका पोराने तुला...”

“टेलिफोनमध्ये काढलं म्हणूनच दिला,” ती म्हणाली. “सुपरवायझरनं नंबर मागितला की का म्हणून विचारत नसतात.”

वाटीतली बोरं तिने परत मोजल्यासारखी चाळली आणि खुर्चीवर बसली.

“चोर माझं काय नेणार गं? गुड मॉर्निंगची फुलं? नेऊ दे बापड्याला. पण मेहरू आहे त्यात.”

*

कोठून: बार्शी. कोठे: लातूर. प्रकार: ऑर्डिनरी. प्रतीक्षा: दोन तास दहा मिनिटे.

*

ट्रंक कॉलला दोन्ही टोकांना ऑपरेटर लागायची. बार्शीला आत्या, लातूरला मेहरून पठाण. लाइन मोकळी होईपर्यंत या दोघी बोलायच्या. बारा वर्षं, पाळी जुळेल तेव्हा. भेंडीला चिकटपणा येऊ नये म्हणून काय करायचं इथपासून लग्न करायचं की नाही इथपर्यंत. मेहरूमावशींनी केलं, आत्याने नाही. मागे सुपरवायझर येऊन उभा राहिला की बोलणं बंद. मग नखाने माउथपीसवर टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. समोरासमोर त्या आयुष्यात दोनदाच भेटल्या होत्या. दोन्ही वेळा काय बोलावं ते सुचलं नाही, असं आत्या सांगायची.

नंतर एक्स्चेंज गेलं, बोर्ड भंगारात गेला. बोलणं राहिलं. आधी पत्रांतून, मग घरच्या फोनवर, मग मोबाइलवर.

आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये मेहरूमावशींच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाजाचा तो अक्रोड काढावा लागणार होता. ऑपरेशनच्या आधी नऊ दिवस मिळाले. त्या नऊ दिवसांत त्यांनी लातूरच्या घराच्या गच्चीवर बसून आत्याला एक्केचाळीस बोलके निरोप पाठवले. कुठलाही निरोप तीन-चार मिनिटांपेक्षा कमी नाही.

त्यानंतरही रोज सकाळी नऊ वाजता आत्या घरच्या फोनवरून लातूर लावायची. आत्या बोलायची, मेहरूमावशी टिचक्या मारायच्या. फोन ठेवला की आत्या मोबाइलवर मेहरूमावशींचं पान उघडून थोडा वेळ खिडकीपाशी बसायची. तेव्हा तिला हाक मारायची नाही, हे मी मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांनासुद्धा सांगून ठेवलेलं होतं.

*

खातं परत मिळवायला मी पुन्हा कोड मागवला. आला, टाकला. मग अ‍ॅपने दुसरं कुलूप दाखवलं. आणखी सहा आकडे. ते आम्ही कधी लावलेच नव्हते. चोराने आत शिरल्या शिरल्या लावले होते.

हे दुसरं कुलूप दिवाळीत मीच लावून देणार होते. माझी बस सुटत होती म्हणून राहिलं.

“आता?” आत्याने विचारलं.

“आता सात दिवस. सात दिवस थांबलं की ते कुलूप निघतं.”

“सात दिवस मेहरू त्याच्याकडं?”

“नाही गं. जुने निरोप तुझ्याच फोनमध्ये आहेत. त्याला दिसत नाहीत. सात दिवसांनी दार उघडलं की सगळं जिथल्या तिथं.”

हे मी म्हणाले तेव्हा ते खरं होतं.

आत्या उठली. पदर खोचून बाहेरच्या खोलीत घरच्या फोनपाशी जाऊन बसली. डायरी घेतली नाही. आत टेबलाशी बसून मी तिचं एकेक बोलणं ऐकत होते.

“मी कुमुद सुरवसे. माझ्या नावानं मोबाइलवर काही मागणं आलं तर देऊ नका, ती मी नाही... नाही, आत्ता बोलतेय ती मीच... कशावरून म्हणजे? अप्पा, चौऱ्याऐंशी साली तुम्ही बेळगावला रोज दुपारी कॉल बुक करायचा तो कोणाला, ते सांगू का? वहिनी आहेत ना घरात?... हां. मग ठेवा.”

एक झाला की दुसरा. सगळे नंबर तोंडपाठ. गाव सोडून गेलेल्यांचेही. दोन तासांत तिने सत्तर माणसं सावध केली. माझ्या कक्षातली चार माणसं मिळून दिवसभरात एवढी करत नाहीत.

शेवटी लातूर.

“मेहरू, माझ्या नावानं तुला काही आलं का?”

घरच्या फोनचा आवाज मोठा. आत बसून मला टिचकी ऐकू आली. एक.

“कोड मागितला?”

एक.

“दिलास?”

दोन.

“शाबास. मी दिला.”

मग टिचक्यांची सर आली, गारा पडाव्यात तशी. मोजता न येण्याइतकी. मेहरूमावशी हसत होत्या. आत्याही हसायला लागली. “हस. हस लेकी. बारा वर्षं तुझ्यापेक्षा एक इन्क्रिमेंट जास्त घेतलं ना मी, घे आता सूड.”

आणि त्याच वेळी मी ते केलं.

पडद्यावरचं चक्र फिरत अडकून बसलं होतं. पुढे जाईना, मागे येईना. अशा वेळी मी जे रोज तीस-चाळीस लोकांना सांगते तेच माझ्या बोटाने केलं. विचार केला नाही. अ‍ॅप काढलं आणि परत टाकलं.

नवं अ‍ॅप उघडलं. स्वच्छ, हिरवं, रिकामं. त्याने नम्रपणे सांगितलं, बॅकअप सापडला नाही.

सापडणार नव्हताच. दिवाळीत फोनची जागा भरली म्हणून बॅकअप मीच बंद केला होता. “इतक्या फुलांची कॉपी ठेवून काय करायचंय?” असं म्हणून.

बाहेर आत्या अजून हसत होती. मी टेबलावरचं कापड सरळ केलं. एकदा, दोनदा. कडा टेबलाच्या कडेला जुळवली.

ती आत आली. डोळे पुसत. “काय गं, झालं काही?”

“होईल,” मी म्हणाले. “सात दिवस.”

“बरं. जेवून घे. भाजी गार होईल.”

त्या दिवशी बोरं विरघळली होती. ती टाकायचं काम तिने माझ्यावर सोपवलं होतं आणि मी ती आधीच टाकली होती. तिने ती तशीच खाल्ली.

*

रजा वाढवली. कारण: घरगुती अडचण.

*

दुसऱ्या दिवशी संक्रांत. मी गच्चीवर गेले. आत्या खाली हळदीकुंकवाला आलेल्या बायकांमध्ये अडकलेली. मी माझ्या मोबाइलवरून लातूर लावलं.

“मेहरूमावशी, मी तेजल. कुमुदआत्याची भाची.”

एक टिचकी.

“आत्याजवळ सांगायचं नाही असं काहीतरी सांगायचंय.”

टिचकी नाही. थांबल्या. मग एक.

मी सांगितलं. सगळं एका दमात. अ‍ॅप काढलं, बॅकअप बंद केला होता, एक्केचाळीसही निरोप गेले. पलीकडे फक्त श्वास होता. ऑपरेशननंतर त्यांचा श्वास गळ्यातल्या भोकातून चालायचा. तो ऐकू यायचा, थोडा ओला.

“मावशी, तुम्ही पाठवलेले निरोप तुमच्या फोनमध्ये असतीलच ना? मी लातूरला येते. उद्याच येते. तिथून घेता येतील.”

दोन टिचक्या.

“नाहीत?”

दोन.

“फोन बदललात?”

दोन.

“मग... तुम्ही पुसलेत?”

एक.

मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता तरी तोंडातून गेला. “स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता म्हणून?”

एक टिचकी. हलकी. नखाची नाही, बोटाच्या पेराची.

खालून बायकांचं हसणं येत होतं. कोणीतरी नाव घ्यायचा आग्रह करत होतं. मी म्हणाले, “मावशी, आत्याला मीच सांगेन. तोवर तुम्ही...”

एक.

*

मंगळवार. आत्या: “चार दिवस राहिले.” मी: “हो.”

बुधवार. आत्या: “तीन.” मी: “हो.”

गुरुवार. आत्याने विचारलं नाही.

शुक्रवारी नऊ वाजता लातूरला फोन झाला. त्यानंतर ती सवयीने मोबाइल घेऊन खिडकीपाशी गेली, बसली, आणि पडद्यावरची सात दिवसांची सूचना बघत राहिली. मी दारातून परत फिरले.

“तेजू,” तिने न वळता हाक मारली. “पुण्यात तुझी माणसं फोनवर तुला खोटं सांगतात का गं?”

“कसलं खोटं?”

“पासवर्ड मी नाही कोणाला दिला, असं.”

“सांगतात की. रोज.”

“मग तुला कळतं?”

“कधी कधी.”

“मला कळायचं,” ती म्हणाली. “ ‘घरी सगळं ठीक आहे’ म्हणून बोलताना माणूस शेवटच्या अक्षरावर किंचित चढतो.” एवढं बोलून ती उठली आणि कणिक मळायला गेली.

*

सातव्या दिवशी सकाळी दार उघडलं. नवा कोड आला, टाकला, चोराचं कुलूप गळून पडलं. आत्याचं नाव, आत्याचा फोटो, तिचे तीन गट परत आले. चोराने तिच्या फोटोच्या जागी एका नटीचा फोटो लावला होता. तो बघून ती म्हणाली, “असू दे दोन दिवस.”

“आधी कुलूप लावायचं,” मी म्हणाले. “सहा आकडे ठरव. वाढदिवस नको, घर नंबर नको, एक-दोन-तीन नको.”

“तिकडं बघ.”

“काय?”

“तोंड तिकडं कर. कोणालाही सांगायचा नाही म्हणजे नाही.”

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे तिने सहा आकडे टाकले. आणि सवयीने ते पुटपुटायला लागली, दुसऱ्या आकड्यावर थांबली, स्वतःवरच “श्शू” म्हणाली. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. कारण यानंतर ती काय उघडणार हे मला माहीत होतं.

तिने मेहरूमावशींचं पान उघडलं.

तिथे काही नव्हतं.

मी भिंतीकडेच बघत बोलले. “आत्या, ते मी केलं. चोरानं नाही. त्या दिवशी तू फोनवर होतीस तेव्हा. काढून परत टाकलं. आणि बॅकअप दिवाळीत बंद केला होता तोही मीच. सगळे गेले. मेहरूमावशींकडेही नाहीत, मी विचारलं. परत मिळायचे नाहीत.”

मी वळले. ती रिकाम्या पानावर बोट ठेवून बसली होती, लहान मूल झोपलंय का बघायला हात ठेवावा तसं.

“त्या दिवशी ‘होईल’ म्हणालीस ना,” ती म्हणाली, “ ‘ल’वर चढलीस.”

“तुला तेव्हाच कळलं?”

“काहीतरी गेलंय एवढं कळलं. काय ते आज कळलं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“सात दिवस होते ना तुला,” ती म्हणाली. “म्हटलं, येईल आपणहून.”

मी तिच्या पायाशी फरशीवर बसले. ती मला जवळ घेईल असं वाटलं होतं. तिने घेतलं नाही. माझ्या केसांतली एक क्लिप वाकडी झाली होती, ती काढून तिने सरळ लावली. मग घड्याळाकडे बघितलं. नऊला दोन मिनिटं कमी.

“लातूर लावायचंय,” ती म्हणाली.

ती पुढे, मी मागे. तिने नंबर फिरवला. पलीकडे उचललं गेलं. एक टिचकी. म्हणजे मी आहे, बोल.

“मेहरू,” आत्या म्हणाली. “तुझा आवाज माझ्या हातून गेला गं.”

माझ्या नाही, तिच्या. मी तिचा हात धरला. तिने सोडवला.

“मीच काहीतरी दाबलं. मला मेलीला कळत नाही त्यातलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गेले. तू नऊ दिवस घसा ओरबाडून...” अडतीस वर्षांत फोनवर तिचा आवाज फुटलेला कोणी ऐकला नसेल.

पलीकडे टिचकी नाही. दोनही नाहीत. काहीतरी सरकवल्याचा आवाज, पुठ्ठ्याचा. प्लास्टिक फाटल्याचा. मग गुणगुण सुरू झाली, एका सुरातली, विजेची. आणि त्या गुणगुणीतून शब्द.

“कु. मे.”

आत्याने रिसीव्हर कानापासून दूर धरला. माझ्याकडे बघितलं. मग फ्रिजवरचा कागद वाचल्यासारखी सावध झाली.

“कोण बोलतंय?”

“मी. मेहरू.”

“हा मेहरूचा फोन आहे. मेहरूला बोलता येत नाही. तुम्ही कोण?”

“मी. गं.”

“असं कोणीही म्हणेल,” आत्या ठणकावून म्हणाली. डोळे वाहत होते आणि आवाज एक्स्चेंजमधला होता. “मेहरू असाल तर सांगा. माझा बोर्डवरचा पहिला दिवस. मी लातूरला नंबर तीनदा विचारला. चौथ्यांदा विचारल्यावर लातूर मला काय म्हणालं?”

गुणगुण थांबली. परत सुरू झाली.

“बहिरी. म्हैस.”

आत्या भिंतीला टेकली. रिसीव्हर छातीशी धरला, परत कानाला लावला. “मेहरू. मेहरू गं. हे काय आहे?”

“यंत्र. गळ्याला. लावायचं. ऑपरेशन. झालं. तवाच. दिलतं.”

“पाच महिने झाले त्याला!”

“खोक्यात. व्हतं.” यंत्राला सूर नव्हता, प्रत्येक शब्द एकाच उंचीवर येत होता. तरीही दोन शब्दांमध्ये त्या जिथे थांबत होत्या ते थांबणं माणसाचं होतं. “तुझ्याजवळ. जुना. व्हता. म्हटलं. तोच. ऱ्हाऊ दे. ह्यो. नगं. ऐकाय.”

मेहरूमावशींनीच विचारलं.

“कसा. वाटतो?”

आत्याने नाक ओढलं. ती कधीच खोटी स्तुती करत नाही. “पाण्याच्या मोटारीसारखा.”

“हां. सून बी. हितं. तेच. म्हनती.”

“मग बरंय की. मोटार चालू असली की पाणी येतंय हे कळतं.”

गुणगुण तुटक तुटक झाली. यंत्रातून हसता येत नाही. पण त्या ते गळ्याला लावत होत्या, काढत होत्या, पुन्हा लावत होत्या, आणि मध्ये ओला श्वास येत होता. ते हसणंच होतं.

“आनी. खोटं. बोलू नगं,” त्या म्हणाल्या. “पोरीनं. केलंय. मला. ठाव हाय.”

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

“म्हणजे तुम्ही दोघी मिळून,” आत्या म्हणाली. “आणि मी इथं वेड्यासारखी...”

“तिला. रागवू. नगं.”

“मी कशाला रागावते? माझी आहे ती. तुझी नाही. तू मध्ये बोलू नको.”

मला वाटलं, फोन ठेवणार. मेहरूमावशींनी यंत्र पुन्हा लावलं.

“कुमे. समदे. ऐकले. व्हतेस. ना?”

आत्याने फोनच्या गुंडाळलेल्या वायरीचा एक वेढा बोटाभोवती घेतला.

“पाठ आहेत,” ती म्हणाली.

“खरं?”

“पाठ आहेत म्हटलं ना.”

शेवटच्या अक्षरावर ती किंचितही चढली नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचा सूर ऐकून तिने स्वतःचा सांभाळायला शिकून घेतलेला असणार.

“मंग. झालं,” मेहरूमावशी म्हणाल्या. “भाजी. काय. केलीस?”

*

त्यानंतर एकोणीस महिने त्या रोज नऊ वाजता बोलल्या. यंत्राचा सेल उतरला की टिचक्या. एकोणीस महिन्यांनी लातूरला नऊला कोणी फोन उचलला नाही, सुनेने दहाला उलट फोन केला. आत्याने फोन ठेवला, मला पुण्याला लावला, आणि पहिल्यांदाच विचारलं, “तेजू, आवाज कुठं साठवून ठेवता येतो का गं?” मी सांगितलं, येतो. ती म्हणाली, “मला नको. तुझ्यासाठी विचारून ठेवलं.”

याला सहा वर्षं झाली.

दिवाळीत बॅकअप बंद करताना, कशाने किती जागा खाल्ली आहे ते बघायला, मी मेहरूमावशींचं पान उघडलं होतं. सगळे निरोप मिळून सोळा एमबी. ऐकलेल्या निरोपाचा माइक निळा होतो, न ऐकलेल्याचा हिरवाच राहतो. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस हिरवे होते.